भिंतीपल्याडचं इंजन

इंजनाला हँडल मारायच्या आधीच बायनानं नवऱ्याला अडवलं. अडवलं म्हणजे गिरणीच्या दारात नुसती उभी राहिली. मोठ्यानं बोलायची तिला सवय नव्हती.

"आवं, तेवढा डबा काढा ना."

कारभारी हँडल हातात धरून तसाच थांबला. डबा म्हणजे इंजनाच्या धुराड्यावर त्यानं उपडा बसवलेला पत्र्याचा डबा. त्या डब्यानं इंजनाची पुकपुक दुप्पट व्हायची आणि ओढ्यापल्याडच्या वस्त्यांपर्यंत जायची. आवाज कानावर आला, की तिकडच्या बाया ज्वारीच्या पाट्या डोक्यावर घेऊन निघायच्या.

"डबा काढला तर लोकायला कसं कळंल गिरणी चालू हाय ते? सर बाजूला."

"माझ्या डोक्यात घण पडून राह्यलेत. सकाळपासून सांजंपर्यंत."

"सगळ्या गावाला कान हायेत, बायने. तुला येकटीलाच काय देवानं जास्तीचे दिले?"

दळणाला बसलेल्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बायना बाजूला झाली. कारभाऱ्यानं हँडल गरगरा फिरवलं, इंजन खोकलं, धूर आला, आणि मग तो आवाज सुरू झाला. बायनानं पोटातल्या लेकरावर हात ठेवला आणि भिंतीला धरून धरून ती चुलीकडं गेली.

कुंभार पिंपळगावाच्या बाजारापासून वर माळाकडं चालत गेलं, की ही वाडी लागते. खाली काळी जमीन, वर मुरमाड माळ, आणि मधे पंचवीसेक घरं. जवळपास सगळी धनगरांची. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्सं झाली होती. दुष्काळात मेंढरांचे हाल बघून कारभाऱ्याचं मन त्या धंद्यावरून उडालं होतं. त्यानं अर्ध्याहून जास्त मेंढरं विकली आणि परतूरहून जुनं इंजन आणून घराला लागूनच गिरणी टाकली. वाडीला गिरणी झाली म्हणून लोकांनी त्याचं कौतुक केलं. कारभारीही त्या दिवसापासून पांढरी टोपी घालायला लागला.

गिरणीची आणि चुलीची भिंत एकच. मातीची. इंजन सुरू झालं की फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणत राहायची, आणि बायनाला इंजनापेक्षा त्या किणकिणीनं जास्त त्रास व्हायचा. भांड्यांच्या मधे चिंध्या घालून बघितल्या. कानात कापूस घालून बघितला. पण आवाज तिच्या कानातून येतच नव्हता. तो भुईतून यायचा, पायातून वर चढायचा, दाढांत बसायचा. त्यात डिझेलचा वास, पिठाचा धुरळा, दारातून येणारं पांढरं ऊन. सगळं एकदम अंगावर आलं, की हातातलं काम हातातच राहायचं आणि ती भिंतीकडं तोंड करून उकिडवी बसायची.

"हे काय गं, भाकर करपून राह्यली," सासू म्हणायची.

चांगुणाबाई म्हणजे तिची सासू. हाडानं मोठी, बोलायला खणखणीत. वाईट नव्हती, पण तिला रिकामं बसलेलं माणूस बघवत नसे.

लग्नाआधी बायनाचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आई लहानपणीच गेली. बापासंगं ती मेंढरामागं फिरत वाढली. आज इथं, उद्या तिथं. माळावर वारा, मेंढरांचं चरणं, लांबून एखादी हाळी, एवढेच आवाज. एकदा नात्यातल्या लग्नात वाजंत्री सुरू झाली, तेव्हा ती रिकाम्या कणगीत जाऊन बसली आणि जेवणावळी उठेपर्यंत सापडली नाही. बाप हसला होता. पोरगी लाजाळू हाय, म्हणाला होता.

मार्गशीर्षात तिला मुलगी झाली. नाव ठेवलं कौसल्या. घरात तिला सगळे कौशी म्हणायला लागले.

लेकरू रडतंच. पण कौशी रडायला लागली की बायनाच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. पलीकडं इंजन, इकडं झोळीतलं रडणं, वर भांड्यांची किणकिण. ती लेकराला छातीशी घ्यायची, दूध पाजायची, आणि पाजतापाजता तिचं अंग थरथर कापायचं. एक दिवस माघात तिनं रडती कौशी झोळीत ठेवली आणि सरळ उठून घराबाहेर गेली. ओढ्याच्या कडेला एका खबदाडात जाऊन बसली. शेजारच्या झुंबरबाईनं तिला शोधून आणलं आणि वाडीभर सांगितलं, की कारभाऱ्याची बायको तान्हं लेकरू टाकून पळाली व्हती.

"लेकराचा कटाळा येणारी बाई मी पैल्यांदा बघितली," झुंबरबाई चांगुणाबाईला म्हणाली. "हे तिचं न्हाई. हे बाहेरचं हाय. जल्दी काई तरी करा."

बायना आतून ऐकत होती. मला लेकराचा कंटाळा नाही, असं तिला सांगायचं होतं. लेकराचा वास तिला आवडायचा. तळपाय आवडायचे. पण ते कसं सांगावं हे तिला उमजलं नाही.

मग चैत्रातल्या एका दुपारी भिवा भगताला बोलावलं. अंगणात बायनाला बसवलं, मोकळे केस पुढं घेतले, धुपाचा डोंब केला. भिवानं डफ घेतला, त्याच्या दोन चेल्यांनी ढोल घेतले, आणि तिच्या कानाशी येऊन वाजवायला लागले. वरून चैत्राचं ऊन. कडेनं सगळी वाडी जमलेली.

"बोल, कोण हायेस तू?"

"बायना."

"खोटं बोलती. कुठून धरलं हिला? बोल."

"मी बायना हाय, बाबा. पुरं करा."

भिवानं डफ अजून जवळ आणला. बायना पहिल्यांदा ओरडली, मग रडली, मग भुईवर लोळली, मग चेल्यांचे पाय धरले. बाया एकमेकींना म्हणत होत्या, बघा, बाहेरचं कसं तळमळून राह्यलं. चांगुणाबाईनं एकदा म्हटलं, "बास करा आता." पण भिवानं हात वर करून तिला गप केलं. ऊन कलायला लागलं तसं बायनाच्या आत काहीतरी झालं. फुंकर मारून चिमणी विझवावी तसं. आवाज होता, पण तो आता कुणा दुसऱ्याच्या अंगावर पडत होता. ती उठून नीट बसली. डोळे उघडे. कानाशी ढोल वाजत होता आणि तिची पापणीही हलत नव्हती.

"उतरलं," भिवा म्हणाला. त्यानं घाम पुसला, कोंबडं काखेत मारलं आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून बायना एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. इंजन सुरू झालं तरी भिंत धरेना. चूल, पाणी, शेण, सगळं वेळेवर. कारभाऱ्यानं तिला गिरणीवर बसवलं. वरच्या पत्र्याच्या पेटीत दाणे ओतायचे, खाली पीठ पडतंय का बघायचं, पिठाचा डबा भरला की बाजूला करायचा. कारभारी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आता कशी बराबर माणसात आली."

एकदा तव्यावरची भाकर उलटताना तिची बोटं तव्याला चिकटली. तिनं ती सावकाश काढून घेतली. बोटांवर फोड आले ते तिनं बघितले आणि पुढची भाकर थापली. वैशाखात निरोप आला, की तिचा बाप माळावरच ऊन लागून गेला. निरोप घेऊन आलेल्या माणसाला तिनं पाणी दिलं. तो उठून गेल्यावर राहिलेलं दळण दळलं. रात्री झोपताना आपण रडलो नाही, हे तिच्या ध्यानात आलं. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

कौशीला ती पाजायची, न्हाऊ घालायची. हौदातून बादली भरून बाजूला ठेवावी तसं.

चांगुणाबाई हे बघत होती. पूर्वी सून भिंतीकडं तोंड करून बसली की तिला राग यायचा. आता राग येण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटायला लागली होती. एक दिवस तिनं नवऱ्याजवळ विषय काढला. म्हस्कू म्हणजे तिचा नवरा, उरलेली मेंढरं सांभाळायचा. दिवसभर माळावर असायचा, डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं.

"सुनेत जीव न्हाई वो," ती म्हणाली. "नुसतं कातडं फिरून राह्यलंय घरात."

म्हस्कू एवढंच म्हणाला, "मेंढरू भ्यालं की कधी कधी तसंच उभं राहतंय. वढलं तरी हालत न्हाई."

श्रावणात झड लागली. सरपण ओलं, भिंती ओल्या, गिरणीत दळणाच्या पाट्यांची रांग. कारभारी डिझेल आणायला गेला होता. बाया पाट्या ठेवून घरी गेल्या होत्या, पाऊस थांबला की न्यायला येणार होत्या. गिरणीत बायना एकटीच. कौशी तेव्हा रांगायला लागली होती. झोळीतून काढून खाली ठेवली की मिळेल तिकडं निघायची. ती चुलीकडच्या दारातून रांगत आली, उंबरा ओलांडला, आणि पिठात हात माखून रडायला लागली. रडतरडत पुढं सरकली. पुढं इंजनाचा पट्टा फिरत होता.

चांगुणाबाई शेण टाकून ओल्या पदरानं दारात आली, तेव्हा कौशी पट्ट्यापासून हातभर होती. बायना तिच्या अलीकडंच बसलेली. नजर पिठाच्या धारेवर. म्हातारीनं पाटी तिथंच टाकली आणि झेप घेतली. लेकरू हातात आलं, पण टोपड्याची नाडी पट्ट्यात गेली. टोपडं सपकन निघून इंजनाखाली गेलं आणि चिंधी होऊन बाहेर पडलं. कौशीच्या हनुवटीखाली लाल वळ उठला. दुसरं काही झालं नाही.

बायनानं मान वळवली.

"कुणाचं दळण न्यायला आल्या, आत्याबाई?"

म्हातारीनं लेकराला काखेत मारून इंजनाचा खटका ओढला. पुकपुक सावकाश होत होत बंद पडली. भर दिवसा गिरणी पहिल्यांदाच बंद झाली होती. पत्र्यावर पावसाचा आवाज आणि कौशीचं रडणं, एवढंच उरलं.

"बायने, लेकरू रडून राह्यलंय. ऐकू येतंय का तुला?"

"येतंय."

"आत्ता पट्ट्यात गेली असती ती. तुझ्या डोळ्यांदेखत."

"व्हय."

"मंग?"

"मंग काय, आत्याबाई?"

चांगुणाबाई पिठाच्या पोत्यावर बसली. तिनं चार लेकरं वाढवली होती, दोन पुरली होती. असलं उत्तर तिनं कुणा आईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण सुनेच्या तोंडावर दुष्टपणा नव्हता. काहीच नव्हतं. मग म्हातारीनं इतक्या महिन्यांत कुणीच न विचारलेलं विचारलं.

"तुला काय व्हत व्हतं गं? पैले. आवाज आला की?"

बायनाला ते आठवावं लागलं.

"सगळंच एकदम आत यायचं. इंजन, भांडी, माणसांचं बोलणं. मला दार लावता येत न्हाई तसं. तुमाला लावता येतं. सगळ्यायला येतं. लेकरू रडलं की सुरीवाणी लागायचं, पण ते लेकराचं लागायचं, म्हनून मी उठायची. आता न्हाई लागत. काईच न्हाई लागत. तुमी मारलं तरी न्हाई लागायचं."

म्हातारी उठली. बाहेर गेली. पावसात तशीच लाकडी शिडी लावून चढली आणि धुराड्यावरचा डबा काढून तिनं उकिरड्यात फेकला. पण डब्यानं आता काही होणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

सांजंला कारभारी आला तेव्हा घरात भांडण झालं.

"उद्यापासून ही गिरणीवर बसायची न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "घरातबी न्हाई थांबायची दिवसाची. तुझ्या बापासंगं मेंढरामागं जाईल."

"बाईमाणूस मेंढरामागं? माय, काय बोलून राह्यली? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"लोकायनी दळण आणावं अन् पीठ घेऊन जावं. तेवढंच त्यायचं काम."

"बिलकुल न्हाई. भगत आणला, इतका खर्चा केला, चांगली झाली, आन् आता पुन्हा..."

"चांगली झाली?" म्हातारीनं पिठानं मळलेली टोपड्याची चिंधी त्याच्यासमोर टाकली. "हे इचार तिला. चांगली कशी झाली ते इचार."

कारभाऱ्यानं चिंधी बघितली. सगळं ऐकलं. मग त्याचा आवाज खाली आला, पण हेका सुटला नाही.

"गिरणीवर कोण बसंल मंग? मला वावर हाय."

"मी बसते. माझे कान तसेबी म्हातारे झालेत. त्यायला सवय हाय सगळ्याची."

"आन् पोरगी? पाजायची कशी?"

"मी नेईन दुपारी माळावर. पाय हायेत मला."

भिंतीला टेकून बसलेला म्हस्कू पुढं सरकला. तो म्हणाला, "मला आताशी दिसत न्हाई बराबर, कारभारी. परवा कोकरू लांडग्यानं नेलं ते मला सांजंला मेंढरं वाघरीच्या जाळीत घालतानी कळलं. कुणी तरी लागतंच संगं. मेंढरातली पोर हाय ती. तिला शिकवावं लागायचं न्हाई."

कारभारी जेवण सोडून उठून गेला. पण नाही म्हणाला नाही.

बायनाला कुणी काही विचारलं नाही. सकाळी सासूनं तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली, हातात भाकरीचं गठुडं दिलं, आणि ती सासऱ्याच्या मागं चालायला लागली.

माळावर पहिले काही दिवस काहीच झालं नाही. गवत होतं, ढग होते, मेंढरं खाली मान घालून चरत होती. बायना मेंढरं वळवायची, ओढ्यावर पाणी दाखवायची, एखादं लंगडतं कोकरू उचलायची. दुपारी चांगुणाबाई कौशीला कडेवर घेऊन चिखल तुडवत यायची. बायना लेकराला पाजायची आणि परत द्यायची. म्हातारी तिचं तोंड न्याहाळायची आणि उतारानं परत जायची. खाली गावात लोक बोलतच होते. कारभारी घरात बायनाशी कामापुरतंच बोलायचा. झुंबरबाई म्हणाली, पैले लेकरू टाकून पळाली, आता घरदारच टाकलं. चांगुणाबाई गिरणीत पिठानं पांढरी होऊन बसलेली असायची. ती म्हणाली, "तुझं दळण झालंय, झुंबर. उचल."

म्हस्कू दिवसभरात चार शब्द बोलायचा. तेही मेंढरांशी.

भादव्याच्या शेवटी कधीतरी, पाऊस उघडल्यावर, बायना एका दगडाला टेकून बसली होती. मेंढरं जवळच चरत होती. तिला त्यांच्या चरण्याचा आवाज ऐकू आला. म्हणजे तो रोजच होता. पण त्या दिवशी तो तिच्यापर्यंत आला. करकर, करकर, सगळीकडून, बारीक. ती तशीच ऐकत बसली. तिला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. पण आवाज आपल्याला लागून जातोय, एवढं कळलं.

आश्विनात एकदा कुसळ तळपायात शिरलं तेव्हा ती दचकली. पाय उचलून घेतला आणि "आई गं" म्हणाली. म्हस्कूनं लांबून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्याच आठवड्यात एका सांजंला मेंढरं खाली उतरवताना तिला बाप आठवला. माळावर ऊन लागून पडलेला. कुणी तोंडात पाणी घातलं असेल का त्याच्या, असं तिच्या मनात आलं. ती चालत राहिली. घरी येईपर्यंत तिचा पदर ओला झाला होता.

कार्तिकात हवा कोरडी झाली. माळ पिवळा पडला. खाली काळ्या रानात ज्वारी गुडघ्याला आली होती. त्या दुपारी चांगुणाबाई नेहमीसारखी आली, पण वर चढताना कौशीला छातीशी धरून होती आणि पोरगी गळा फाडून रडत होती. वाटेत बोराटीखाली टेकली होती तेव्हा लेकराच्या मांडीला लाल मुंगी चावली होती. रडणं माळभर घुमत होतं. मेंढरांनी माना वर केल्या.

बायना उभी होती. ते रडणं आलं आणि तिच्या डोक्यात शिरलं. पहिल्यासारखं. सुरीसारखं. तिनं दोन्ही हातांनी कान गच्च दाबले, गुडघ्यांवर बसली, तोंड वाकडं झालं.

"गप करा तिला," ती ओरडली. "आत्याबाई, गप करा तिला."

चांगुणाबाई जागच्या जागी थांबली. ती धावली नाही, लेकराला गप करायचाही प्रयत्न केला नाही. नुसती बघत राहिली.

बायना थोडा वेळ तशीच बसली. कौशी काही गप होईना. मग ती उठली. एक कान खांद्यात दाबून, डोळे बारीक करून, पावलं मोजावीत तशी चालत आली आणि म्हातारीच्या हातातून तिनं लेकराला ओढून घेतलं. मांडी बघितली. मुंगीचं डोकं अजून कातडीत होतं ते नखानं काढलं, त्यावर थुंकी लावली. कौशी तिच्या कानाशीच रडत होती. बायनाचं अंग कापत होतं, कपाळाची शीर उडत होती. पण तिनं पोरीला खाली ठेवलं नाही.

"लागून राह्यलं का गं?" चांगुणाबाईनं हळूच विचारलं.

"लई."

म्हातारी मटकन गवतावर बसली. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "लागू दे."

बायनानं वाऱ्याचा अंदाज घेतला. वारा समोरून येत होता तशी ती वळली, वाऱ्याकडं पाठ करून लेकराला पुढं धरून चालायला लागली. रडणं थोडं पुढं उडून जायला लागलं. म्हस्कूनं मेंढरं आपणहून दुसऱ्या अंगाला वळवली. चालता चालता कौशीचे हुंदके बारीक झाले. मग ती आईच्या चोळीला तोंड घासायला लागली. बायना दगडाशी बसली आणि तिनं पदर ओढला.

खाली गावात गिरणी बंद होती. चांगुणाबाई माळावर आली की ती बंदच असायची, आणि बाया पाट्या घेऊन दारात ताटकळायच्या. म्हातारी उठली, लुगड्याचं गवत झटकलं.

"दे हिकडं. दळणं पडलीत तशीच."

बायनानं मान वर केली. डोळे लाल झालेले, कपाळ अजून आठ्यांनी भरलेलं.

"तुमी जा, आत्याबाई," ती म्हणाली. "सांजंला घेऊन येते मी तिला. राहू द्या हितंच."